हार्ड टिप लावली की स्पिन जातो कुठे?

पूल खेळायच्या माझ्या काठीला, म्हणजे क्यूला, हार्ड टिप (टोकावरची कडक चामड्याची चकती) बसवून घेतली आणि पहिले दोन आठवडे नुसते मिसक्यू, म्हणजे टिप बॉलवरून घसरायची. टक्क असा कोरडा आवाज यायचा आणि पांढरा बॉल भलतीकडेच उडी मारायचा. पार्लरमधला प्रत्येक जण सांगायचा, अरे सॉफ्ट लाव, सॉफ्ट टिप बॉलला धरून ठेवते म्हणून स्पिन मिळतो. मलाही ते पटलं होतं.

पण हे धरून ठेवणं चालतं किती वेळ? चामड्याची टिप बॉलला टेकलेली असते जेमतेम एखाद-दोन मिलिसेकंद, आणि हार्ड असेल तर त्याहूनही कमी. बॉल असतो १७० ग्रॅमचा, क्यू साधारण ५४० ग्रॅमचा, त्यामुळे फटका बसला की बॉल क्यूच्या जवळपास १.३ पट वेगाने सुटतो, म्हणजे मागून हात कितीही लांब नेला तरी टिप काही त्याला धरून बसलेली नसते.

मग स्पिन ठरतो कशावर, तर बॉलच्या मध्यापासून किती लांब मारलं यावर. (भूगोलात वाऱ्यांच्या धड्यात येतो ना तो कोरिऑलिस, त्याने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलंय, मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.) बॉलचा व्यास ५७.१५ मिमी, आणि मध्यापासून साधारण १४ मिमी, म्हणजे निम्म्या त्रिज्येपर्यंतच जाता येतं. तिथे टिप आणि बॉलमध्ये घर्षणांक ०.६ च्या आसपास लागतो, आणि नीट चॉक (टिप घसरू नये म्हणून लावतात ती निळी पूड) लावलेलं चामडं जेमतेम तेवढाच देतं. त्यापुढे गेलात की घसरलात.

हार्ड टिपची खरी अडचण इथे आहे. दाबून घट्ट केलेलं चामडं खेळून खेळून गुळगुळीत होतं, जुन्या कोल्हापुरीच्या तळासारखं चकाकायला लागतं आणि चॉक त्यावर टिकतच नाही. माझी टिप लाइटखाली धरली तर मधोमध एक चकचकीत टिकली दिसत होती आणि चॉक फक्त कडेला. बारीक पॉलिश पेपरने हलकंसं खरवडलं, गोलाई एक रुपयाच्या नाण्याइतकी करून घेतली आणि प्रत्येक शॉटआधी चॉक, घासून नाही तर ब्रशने रंग लावल्यासारखा. मिसक्यू जवळपास बंदच झाले.

तुम्हीही एक करून बघा. पट्ट्याचा बॉल, समजा ११ नंबर, पांढऱ्याच्या जागी ठेवा, पट्टा उभा आणि तुमच्या समोर. पट्ट्याची कड साधारण त्या १४ मिमीच्या हद्दीवरच येते. साइड मारा, म्हणजे मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे, आणि बॉल थांबला की चॉकचा निळा ठिपका कुठे उमटलाय ते शोधा. मला वाटायचं मी कडेच्या आत मारतोय, ठिपका मात्र पांढऱ्या भागात सापडायचा.

राहिला वेग. टिप जितकी कडक तितकी टकरीत ऊर्जा कमी वाया जाते. ब्रेक क्यूवर, म्हणजे डावाचा पहिला जोरदार फटका मारायच्या क्यूवर, फेनॉलिकची (कडक प्लास्टिकसारखी) टिप असते ना, तिने त्याच हाताने बॉल चामड्यापेक्षा साधारण ८ टक्के जास्त वेगाने जातो. हार्ड चामड्यात फरक एवढा नाही पण जाणवतो, माझे स्क्रू शॉट (पांढरा बॉल टक्कर झाल्यावर मागे येतो ते) सगळे लांब जात होते ते त्यामुळेच. आता हात थोडा हळू ठेवतो, बॉल बरोबर हवा तिथे येऊन थांबतो, आणि तो टक्क आवाज तर आता आवडायला लागलाय.