तलंग की नर : कोंबडीच्या पिल्लांची ओळख पटवण्यामागचा इतिहास

महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याच्या परसातील कुक्कुटपालनाच्या योजनेत तलंग (म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) गट म्हणून जे पक्षी दिले जातात, त्यांत 25 माद्या आणि 3 नर असतात आणि त्यांचे वय 8 ते 10 आठवडे असते. त्याच योजनेतील दुसऱ्या प्रकारात एक दिवसाची 100 पिल्ले मिळतात, मात्र त्यांत नर किती आणि माद्या किती हे कोणी सांगत नाही. मुळशी, भोर किंवा जुन्नरच्या वस्तीवर ही पिल्ले वाढवणाऱ्या बाईला अंडी हवी असतात, नर मात्र दोन-तीन पुरतात. उरलेल्या नरांना किती दिवस दाणा घालायचा आणि कधी विकायचे, हा तिचा रोजचा हिशेब असतो. नर-मादी जितक्या लवकर ओळखता येतील तितका हा हिशेब सोपा होतो, आणि त्यासाठी ज्या खुणा आज सांगितल्या जातात त्यांच्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

सर्वांत जुना अंदाज अंड्याच्या आकाराचा आहे. ॲरिस्टॉटलने लांबट, टोकदार अंड्यातून मादी आणि गोलसर अंड्यातून नर निघतो असे लिहिले, तर शेतीवर लिहिणाऱ्या रोमन कोलुमेलाने नेमके उलटे सांगितले. दोन हजार वर्षांपूर्वीचे दोन जाणकार एकाच खुणेचे परस्परविरुद्ध अर्थ लावतात, यातच त्या खुणेची किंमत कळते. अंड्याला आकार येतो तो कोंबडीच्या अंडनलिकेत. पिल्लाचे लिंग मात्र त्याआधीच, बलकातल्या बीजात कोणते गुणसूत्र गेले यावरून ठरलेले असते. पक्ष्यांमध्ये ही निवड मादीकडे असते, कारण कोंबड्याकडे एकाच प्रकारची दोन लिंगगुणसूत्रे असतात आणि कोंबडीकडे दोन वेगवेगळी. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना टोकदार अंडी बाजूला काढण्याने म्हणूनच काही साधत नाही.

तुऱ्याची खूण मात्र खरी आहे, आणि तिचे कारण 1849 मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी दाखवून दिले. त्यांनी सहा तरुण नरांवर प्रयोग केला. ज्यांचे वृषण काढून टाकले त्यांचे तुरे वाढले नाहीत आणि त्यांची आरवण्याची, झुंजण्याची वृत्तीही गेली. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा दुसऱ्या जागी बसवले, ते मात्र नेहमीच्या कोंबड्यासारखे वाढले. पुन्हा बसवलेल्या वृषणाला जुन्या मज्जातंतूंची जोड उरली नव्हती, तरी तुरा वाढला; म्हणजे परिणाम रक्तातून होत होता. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात पुष्कळ अभ्यासक याच प्रयोगापासून धरतात. चार-सहा आठवड्यांच्या पिल्लांपैकी काहींचे तुरे भावंडांपेक्षा मोठे आणि लाल दिसू लागतात, त्यामागे हेच नरसंप्रेरक असते.

पिसांचा नियम याच्या उलट आहे, आणि माझ्या मते हा भाग परसातल्या पाळणाऱ्याने नीट समजून घेण्यासारखा आहे. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, पण त्याची लांब, टोकदार, चकचकीत पिसे तशीच राहतात. उलट कोंबडीचा अंडाशय निकामी झाला, तर पुढच्या वेळी पिसे झडून नवी येताना तिला कोंबड्यासारखी पिसे फुटतात. म्हणजे गोलसर टोकाची, साधी पिसे ही मादीच्या संप्रेरकाची देणगी आहे आणि ते नसेल तर पिसे नराची येतात. कोंबडीमध्ये सामान्यतः फक्त डावा अंडाशय कामाचा असतो, त्यामुळे आजाराने तो गेला की एखादी म्हातारी कोंबडी आरवू लागते. बासेल शहरात 1474 मध्ये अंडे घातल्याबद्दल एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळण्यात आले. तो पक्षी बहुधा अशीच रूप पालटलेली कोंबडी असावा.

तुरा आणि पिसे यांसाठी काही आठवडे थांबावे लागते. एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखण्याची गरज निर्माण झाली ती अंडी उबवणी यंत्रे आल्यावर, हजारो पिल्ले एकाच दिवशी बाहेर पडू लागल्यावर. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई असताना केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी सुचवले की, पिसांचा रंग लिंगगुणसूत्रावरून उतरत असल्याने योग्य जोडी लावली तर नर पिल्ले रंगावरूनच वेगळी काढता येतील. ऱ्होड आयलंड रेड नर आणि लाइट ससेक्स मादी यांची जोडी लावली की मादी पिल्ले तांबूस आणि नर पिल्ले फिकट पिवळी निघतात. जोडी उलट लावली, म्हणजे ससेक्सचा नर आणि ऱ्होड आयलंडची मादी घेतली, तर हा फरक नाहीसा होतो. पंखांच्या पिसांवरून होणारी ओळख याच तत्त्वावर चालते: पिसे लवकर फुटणाऱ्या वाणाचा नर आणि उशिरा फुटणाऱ्या वाणाची मादी घेतली, की मादी पिल्लांच्या पंखांतली मोठी पिसे पहिल्याच दिवशी वरच्या पिसांपेक्षा लांब दिसतात.

दुसरी वाट जपानमध्ये निघाली. कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिले की, ताज्या पिल्लाचे गुदद्वार हलक्या हाताने उलगडले तर आत एक सूक्ष्म उंचवटा असतो आणि त्याच्या घडणीवरून लिंग ओळखता येते. ओटावा येथे 1927 मध्ये भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत हे काम जगापुढे आले आणि पुढील दशकात जपानी तज्ज्ञ उत्तर अमेरिकेत जाऊन हे कौशल्य शिकवू लागले. चांगला जाणकार तासाला सुमारे हजार पिल्ले पाहतो. हे काम पिल्लू बाहेर पडल्यानंतर पहिल्या दिवसाच्या आतच करायचे असते आणि अननुभवी हाताने पिल्लू दगावण्याची भीती असते, म्हणून घरी कोणी याचा प्रयत्न करू नये असे मी कळकळीने सांगेन.

पुण्याचा या इतिहासाशी संबंध व्यापारी कुक्कुटपालनातून येतो. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्यालय पुण्यात आहे आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे कामही येथूनच चालते. अंड्यांसाठी वाढवलेल्या वाणात नर अंडी देत नाही आणि मांसासाठी पोसणे परवडत नाही, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी वेगळे काढले जाते. आठवडे बाजारात टोपलीभर गुलाबी, हिरवी, निळी रंगवलेली स्वस्त पिल्ले दिसतात ती बहुतेक वेळा हेच नर. मुलांच्या हट्टापायी घरी आणलेली अशी पिल्ले जगलीच तर कोंबडेच निघतात, त्याचे कारण हे आहे. जर्मनीने 2022 च्या सुरुवातीपासून नर पिल्ले मारण्यावर बंदी घातली आणि तेव्हापासून अंड्यातच लिंग ओळखण्याच्या पद्धतींना तिथे वेग आला.

गावरान खुराड्यात मात्र यातले फार थोडे लागू पडते. रंगाची आणि पंखांची खूण पिल्लात नसते, ती त्याच्या आईबापांच्या ठरवून लावलेल्या जोडीत असते. गावरान कळपात बाप कोण हेच पुष्कळदा माहीत नसते, त्यामुळे पंख पाहून सांगितलेली ओळख केवळ योगायोगाने बरोबर ठरते. तुऱ्याचीही तुलना एकाच वाणाच्या, एकाच वयाच्या भावंडांत करावी लागते. असीलचा तुरा मुळातच बुटका असतो, त्यामुळे त्याचा नर उशिरा कळतो. कडकनाथचा तुरा काळसर-जांभळा असल्याने तिथे लाली पाहून उपयोग नसतो, आकारच पाहावा लागतो. लेगहॉर्नच्या तलंगेचा तुरा अंड्यावर येताना इतका वाढतो की नवख्याला ती नर वाटते. उघड्या मानेच्या कोंबड्यांत मानेवरची पिसे पाहता येत नाहीत, म्हणून कमरेवरून शेपटीच्या बुडाशी झुलणारी पिसे पाहावीत. साधारण तिसऱ्या महिन्यात तिथे नराला अरुंद, टोकदार, चमकदार पिसे फुटू लागतात, तर तलंगेची पिसे त्याच जागी रुंद आणि गोल टोकाची राहतात. आठव्या आठवड्यात तुऱ्यावरून केलेली निवड या पिसांवरून पुन्हा एकदा ताडून पाहिल्याशिवाय जास्तीचे नर म्हणून कोणताही पक्षी बाजारात पाठवू नये.