एमबीपीएसचा हिशोब : आठाने भागूनही न जुळणारा वेग

इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगितला जातो (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) आणि फाइलचा आकार आठ बिटांच्या बाइटमध्ये, त्यामुळे आठाने भागावे लागते, एवढे आता बहुतेकांना ठाऊक असते. मात्र आठाने भागूनही आकडा जुळत नाही, तेव्हा ग्राहक केबलवाल्याशी वाद घालतो. या वादाचे मूळ केबलवाल्याच्या बरेच आधीचे आहे.

तारयंत्राच्या काळातले ‘बॉड’ हे एकक सेकंदाला किती संकेत बदलतात ते मोजत असे. मोडेम आल्यावर एका संकेतात अनेक बिट बसू लागले. सेकंदाला २४०० बिटचा मोडेम प्रत्यक्षात ६०० बॉडवर चाले, तरी बाजारात त्याला सर्रास ‘२४०० बॉड’ म्हटले जाई. शिवाय प्रत्येक अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन जादा बिट जात असल्यामुळे त्या काळी आठाने नव्हे, दहाने भागणेच बरोबर होते. बाइट आठ बिटचा ही गोष्टही १९६४ नंतरच हळूहळू रूढ झाली.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले आणि पुढच्या काही वर्षांत कोल्हापुरात राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत नेट कॅफे दिसू लागले. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ किलोबिट ठरवला. उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीने १० एमबीचे ड्रॉइंग त्या जोडणीवरून पाठवायचे म्हटले, तर १० एमबीचे १०,००० किलो करून त्याला २५६ ने भागणारा चाळीसएक सेकंदांची अपेक्षा ठेवी. आठाने गुणणाऱ्याचे उत्तर सव्वापाच मिनिटांच्या आसपास येई. तेव्हाचा संगणक मात्र मेगाबाइट १०,४८,५७६ बाइटचा धरत असे हे लक्षात घेतले, तर तेच काम साडेपाच मिनिटांवर जाई, आणि ओळीवरच्या इतर ओझ्यामुळे होणारा उशीर त्यात धरलेलाच नाही.

खरा गुंता या हजार आणि १०२४ चा आहे. संगणकाची स्मृती दोनाच्या घातांत वाढते, म्हणून तिथे १०२४ ला ‘किलो’ म्हणण्याची सवय पडली. दूरसंचारात मात्र किलो नेहमीच हजाराचा राहिला. गंमत अशी की दूरसंचारातले आकडेही दोनाच्या घातांसारखेच दिसतात. टेलिफोनवरच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट, म्हणून ६४ किलोबिट. अशा ३२ वाहिन्या मिळून २.०४८ मेगाबिट, म्हणजेच कचेऱ्यांतली ‘दोन एमबीची लाइन’. हे २०४८ पाहून अनेक जाणकारांनीही ती १०२४ च्या हिशोबातली दोन मेगाबिट समजली, पण तो वेग नेमका २०,४८,००० बिट आहे.

१९९८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तोडगा काढला : किलो, मेगा, गिगा हजाराच्या पटीतच ठेवायचे आणि १०२४ च्या पटींना किबी, मेबी, गिबी म्हणायचे. तर्काने हा निर्णय निर्दोष होता, पण तो निदान वीस वर्षे उशिरा आला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तोवर सवय मुरली होती. किलोला २.४ टक्के असणारा फरक गिगाला ७.४ टक्क्यांवर जातो, आणि हार्ड डिस्क विकणाऱ्यांना हजाराचा हिशोब सोयीचाच होता. २००९ मध्ये एका मोठ्या संगणक कंपनीने फाइलचे आकार हजाराच्या हिशोबाने दाखवायला सुरुवात केली. विंडोजने १०२४ चा हिशोब आणि ‘एमबी’ हे नाव, दोन्ही कायम ठेवले. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर एक प्रोग्रॅम कमाल १२.५ दाखवतो, तर दुसरा ११.९२, आणि दोघेही एकक ‘एमबी’च लिहितात.

इंग्रजीत निदान बिटला लहान ‘बी’ आणि बाइटला मोठा ‘बी’ असा संकेत आहे. आपल्या चौकांतल्या ‘१०० एमबी स्पीड’च्या फलकांवर देवनागरीत तीही सोय उरत नाही, आणि ती नसल्याचे विक्रेत्यांना फारसे दुःख असल्याचे दिसत नाही.

२०१३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. दरम्यान मोबाइलचे पॅक आले. त्यांत वेग बिटमध्ये सांगितला जातो आणि रोजची मर्यादा बाइटमध्ये. दिवसाला दीड जीबीचा पॅक २० एमबीपीएसच्या सलग वेगाने वापरला, तर हजाराच्या हिशोबाने तो १० मिनिटांत संपतो आणि १०२४ च्या हिशोबाने १० मिनिटे ४४ सेकंदांत.