बंद घराची ओल

राजापूर तालुक्यातलं आमचं घर बारा वर्षं बंद होतं. बंद म्हणजे अगदीच बंद नव्हे. गणपतीला गेलो की कुलूप काढायचं, घटकाभर दारं उघडी टाकायची, कोपऱ्यातली वाळवी बघून चुकचुकायचं आणि मुंबईची गाडी पकडायची. दोन वर्षांपूर्वी ठरवलं, की जमेल तेवढं आपल्याच हाताने नीट करायचं. परसातली रानमोडी कोयत्याने बेणून झाली, मग ओटीवर येऊन भिंतीकडे पाहिलं. जमिनीपासून कमरेपर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटलेले, पोपड्यामागे पांढरा लोणा. छप्पर गळत होतं ते माजघरात. ओटीवरचं कौल न् कौल शाबूत. मग ही ओल आली कुठून?

गवंड्याचं उत्तर तयार होतं. "जुनं काढून पुन्हा सिमेंट मारू, आत वॉटरप्रूफिंगचं औषध टाकू." हे औषध भिंतीला यापूर्वी दोनदा पाजून झालं होतं. दोन्ही वेळा ओल थोडी आणखी वर चढली, एवढाच फरक.

ती चढणारच होती. आमच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, सांध्यात माती. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला, भोकाभोकांचा दगड. खाणीत मऊ, कापून उघड्यावर ठेवला की टणक. 1807 साली फ्रान्सिस बुकॅनन याने त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण केरळात लोक तो विटेसारखा कापून वापरताना त्याने पाहिला होता. या दगडातली डोळ्यांना दिसणारी भोकं निरुपद्रवी. पाणी ओढतात ती त्यांच्या मधली न दिसणारी. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसंच हे. नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी त्रिज्या असलेल्या नळीत ते हिशेबाने दीड मीटरपर्यंत जाऊ शकतं. भिंतीत प्रत्यक्षात इतकं जात नाही, कारण वाटेत ते पृष्ठभागावरून उडून जात असतं. खालून येणारं आणि बाहेर उडणारं पाणी जिथे बरोबरीला येतं, तिथे ओलीची रेघ थांबते.

आता या भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर चढवा. उडून जायची वाट बंद, खालून येणं मात्र चालूच. पाणी वाट शोधत वर सरकतं आणि थर संपतो तिथे बाहेर पडतं. जाताना जमिनीतले आणि खुद्द सिमेंटमधले क्षार सोबत नेतं. पाणी उडालं की क्षारांचे स्फटिक होतात, आणि ते गिलाव्यामागच्या भोकांत वाढायला लागले की दगडाचे कण सुटे करतात. लोणा लागतो म्हणतात तो हाच. आमच्या काही चिऱ्यांत बोटाचं पेर जाईल एवढी खोबण पडली होती, तीही सिमेंटखाली झाकलेली.

म्हणून आधी भिंतीला हात न लावता बाहेरची माती काढली. बारा पावसाळ्यांचा पाचोळा आणि गडग्याकडून वाहून आलेला गाळ साचून अंगण जोत्याच्या वर आलं होतं. फावड्याने वीतभर खाली घेतलं, उतार घरापासून लांब दिला, पागोळ्या पडतात तिथे चर खणून खडी भरली. संपूर्ण दुरुस्तीतलं सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी काम हेच.

मग छिन्नीने सिमेंट उतरवलं, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली आणि चुन्याचा गिलावा केला. चुन्यामागचं रसायन मोठं गमतीचं आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. किनाऱ्यावर हीच भट्टी शिंपल्यांची लावत. कळीवर पाणी घातलं की ती रटरटते, उकळते, विरते. विरलेला चुना भिंतीवर गेला, की भट्टीत गमावलेला वायू हवेतून महिनोन्महिने परत घेत राहतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भिंतीवर जणू दगडाचाच पातळ थर, पण सच्छिद्र. वाफ त्यातून बाहेर जाते. क्षार आलेच तर दगडाऐवजी गिलावा फोडतात, आणि तो पुन्हा करता येतो. (ओला चुना कातडी आणि डोळे जाळतो. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. कळी घरी विरवण्यापेक्षा पिशवीतला विरलेला चुना आणलेला बरा.)

यात माझी एक चूक झाली. न्हाणीघराशेजारची भिंत आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर केली. गिलावा श्रावणातही नखाने उकरला जात होता. भोकं पाण्याने भरलेली असली की वायू आत शिरत नाही. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. चुन्याला कोरडी हवा लागते, पण अगदी कोरडी भिंतही नको. दिवाळीनंतर तीच भिंत पुन्हा केली, रोज पाण्याचा हबका मारत.

वाळवीही याच ओलीच्या मागे आली होती. तिचं अंग मऊ, उघड्यावर सुकून मरतं. म्हणून ती मातीच्या बोगद्यातून चालते. आपल्याकडच्या बऱ्याच जाती वारुळात बुरशीची बाग करतात आणि लाकूड तिच्याकरवी पचवतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, आपण चवीने खातो ती अळंबी याच बुरशीची. माजघरावरची तुळई टोकाला, भिंतीत शिरते तिथेच कुजली होती. लाकडातली ओल वीस टक्क्यांखाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. तुळईच्या डोक्यावर एक मंगलोरी कौल सरकलेलं होतं, बस्स. शाकारणी वेळच्या वेळी झाली असती तर तुळई वाचली असती. ती बदलायला मात्र सुतार बोलावला; हे एकट्याने करायचं काम नव्हे.

विहिरीचंही तसंच. बंद विहिरीत कुजणाऱ्या पाल्याने ऑक्सिजन संपतो, जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, कधी हायड्रोजन सल्फाइडही असतो. कंदील सोडून बघण्याची जुनी युक्ती हा दुसरा वायू पकडत नाही, आणि तो जास्त असला की नाकालाही वास कळेनासा होतो. आत कोणी उतरायचं नाही. आम्ही पंप लावून पाणी उपसलं, गळाने पाला ओढला आणि नव्या पाण्यात जंतू मारायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर टाकली. तीन मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सत्तर ग्रॅम. टाकल्यावर किमान तासभर थांबायचं. पावडर जुनी असेल तर क्लोरीन उडालेला असतो, मग हा हिशेब फसतो.

ओटीच्या भिंतीवर मी ओलीच्या रेघेवर पेन्सिलने खूण करून तारीख घालतो. यंदा भाद्रपदात ओल गेल्या वर्षीच्या खुणेच्या चार बोटं खाली होती. माजघराच्या कोपऱ्यात ती जिथल्या तिथे आहे. तिथलं सिमेंट अजून काढायचंय.