मायेची जुनी वाट: बेळगाव सीमाभागातल्या ख्रिस्ती सेवेची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक विधानसभेचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलं होतं. त्याच अधिवेशनात, २३ डिसेंबरला, धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं. मे २०२२ मध्ये त्याचा अध्यादेश निघाला आणि सप्टेंबरात कायदा झाला. भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन, या सगळ्याचा समावेश कायद्याने ‘आमिष’ या व्याख्येत केला. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घेण्याचं ठरवलं. त्यावर बरंच बोललं गेलं आहे. मला त्यामागचा वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आजाऱ्याच्या घरी डबा पोचवणं, परक्या पोराची फी भरणं, दवाखान्यात रात्रभर अनोळखी माणसाच्या उशाशी बसणं, हे ख्रिस्ती घरांत आलं कुठून? आणि त्याकडे संशयाने पाहणंही किती जुनं आहे?

शिकवण म्हणाल तर ती बायबलमधल्या शुभवर्तमानातलीच. शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर येशूने त्यांना नवी आज्ञा दिली: मी तुमच्यावर जशी प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा, त्यावरूनच जग तुम्हाला माझे शिष्य म्हणून ओळखेल. योहानाच्या पहिल्या पत्रात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. आपण प्रीती करतो कारण देवाने ती आपल्यावर आधी केली, ही एक. आणि ती शब्दाने, जिभेने नको, कृतीने करा, ही दुसरी. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहितो की, अंगावर पाजणारी आई पोरांना जपते तसे आम्ही तुमच्याशी कोमलतेने वागलो. प्रेषिताने स्वतःला आईच्या जागी ठेवावं, ही गोष्ट मराठी मनाला परकी वाटायचं कारण नाही. ज्ञानोबाला माउली म्हणणारा हा मुलूख आहे.

पहिल्या तीन शतकांत ही शिकवण सगळ्यात जास्त दिसली ती साथीच्या रोगांत. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस याने लिहून ठेवलं आहे की ख्रिस्ती लोक आजाऱ्यांना सोडून पळाले नाहीत. त्यांनी शुश्रूषा केली, आणि ती करताना त्यांतले कित्येक गेले. पुढे ३६२ मध्ये सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, आपल्या एका पुजाऱ्याला पत्र लिहून तक्रार करतो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते. त्यानंतर दहाएक वर्षांत कैसरियाचा बिशप बासिल याने शहराबाहेर आजारी, गरीब आणि वाटसरू यांच्यासाठी एक वसाहतच उभी केली. तिथे कुष्ठरोग्यांनाही जागा होती. तो स्वतः त्यांना जवळ घेत असे, असं त्याच्या मित्राने त्याच्या मृत्यूनंतर सांगितलं.

बेळगावच्या मंडळ्यांपुरतं बोलायचं तर आणखी एक धागा सांगायलाच हवा, तो जॉन वेस्लीचा. इथल्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या मेथडिस्ट आहेत, आणि मेथडिस्टांचा मूळ पुरुष वेस्ली. १७३० च्या सुमारास तो ऑक्सफर्डमध्ये तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जाऊ लागला. १७४३ मध्ये त्याने आपल्या मंडळ्यांसाठी नियम घालून दिले. त्यात भुकेल्यांना जेवू घालणं, उघड्यांना कपडा देणं आणि आजाऱ्यांना, कैद्यांना भेटणं ही रोजच्या धर्माचरणाचीच कलमं होती. १७४६ मध्ये त्याने लंडनमध्ये गरिबांसाठी फुकट औषधं देणारा दवाखाना काढला. गरिबांकडे मदत पाठवून देऊ नका, ती स्वतः घेऊन जा, असा त्याचा आग्रह असे. स्वतः गेल्याशिवाय माणूस कळत नाही, हा त्यामागचा विचार. आमच्या मंडळ्यांत पाळकसाहेब आणि बायका घरोघर भेटीला जातात, त्या रिवाजाचं मूळ इथे आहे.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि छावणी वसली. दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथे आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. छावणीबरोबर आलेली तमिळ माणसं, पेठेतली मराठी, आसपासच्या गावांतली कन्नड, असा हा कारभार पहिल्यापासून बहुभाषिक होता. १८३२ च्या सुमारास त्यांनी सुरू केलेली इंग्रजी शाळा पुढे बेनन स्मिथ हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. १८५६ मध्ये जेझुइट या कॅथॉलिक धर्मसंघाने सेंट पॉल्स शाळा काढली. १९०४ मध्ये लंडन मिशनने बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवलं. सीमाभागातल्या किती मराठी घरांतला पहिला इंग्रजी शिकलेला माणूस या शाळांतून बाहेर पडला असेल! आणि त्यांतल्या बहुतेकांनी धर्म बदलला नाही, हेही तितकंच खरं.

पण शाळा ही संस्था झाली. शाळेला इमारत असते, फी असते, हजेरीपट असतो. ज्याला मी माया म्हणतो, ती इथे खऱ्या अर्थाने कसाला लागली ती शिवण्यात आणि जेवण्यात. एकोणिसाव्या शतकातल्या गावात कोणी कोणाच्या हातचं पाणी प्यावं, हे जन्माआधीच ठरलेलं होतं. तिथे प्रभुभोजनाला एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे, एकाच जाजमावर बसायचं, ही गोष्ट प्रवचनापेक्षा कितीतरी जड होती. येशूच्या प्रीतीवर मान डोलावणं सोपं होतं. महारवाड्यातून आलेल्या भावाच्या हातून भाकर घेणं अवघड होतं, आणि ते ज्यांनी केलं त्यांना घरदार, वतन, नातीगोती सोडावी लागली. मंडळीतून जात पुरती गेली असं म्हणणं खोटं ठरेल. लग्न जुळवताना ती कित्येक घरांत अजून डोकं वर काढते. तरीही जिथे ती मोडली, तिथे ती मोडली एकत्र जेवणाने आणि आजारपणातल्या हातांनी, वादविवादाने नव्हे.

याचं सगळ्यात जिवंत उदाहरण मराठी वाचकांना माहीत आहेच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं मागे राहिल्या. नवऱ्याकडे परतल्यावरही त्या सोवळं पाळत होत्या, पाणी वेगळं ठेवत होत्या. मग एक दिवस त्यांचं त्यांनाच उमगलं की हे भेद देवाने केलेले नाहीत, आणि त्यांनी सगळ्यांच्या हातचं घ्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतर आला, १९०० मध्ये. आधी शिवाशिव गेली आणि मग धर्म आला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे त्यांनी अनाथ पोरं घरात वाढवली. खुद्द टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं आणि वारकऱ्यांच्या चालीत भजनं रचली. ती भजनं सीमाभागातल्या ख्रिस्ती देवळांत आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात. परदेशी मिशनची शिस्त त्यांना पुढे पुढे जाचू लागली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताची प्रीती इथल्या माणसाच्या अंगणात इथल्याच रीतीने उतरावी, ही त्यांची तळमळ होती.

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या लोकांसाठी मात्र ‘मिशन’ म्हटलं की मिरज. चिकोडी, रायबाग, अथणी, कुडची या भागांतून दुखणाईत माणसाला आगगाडीत, नाहीतर बैलगाडीत घालून मिरजेला नेत. कॅनडातून आलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उघडलं आणि पुढची तीसहून अधिक वर्षं तिथेच काढली. मिरज तेव्हा संस्थान होतं, बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, आणि रोग्याला त्या हद्दींशी काही देणंघेणं नव्हतं. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, मिरज मुंबई राज्यातच राहिलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं, तरी ही वाट थांबली नाही. कानडी मुलखातल्या म्हातारीची मराठी नर्स शुश्रूषा करते आणि दोघींना एकमेकींची अर्धीच भाषा येते, असं दृश्य त्या दवाखान्यात वर्षानुवर्षं साधं होतं.

मिरजेशी आणखी एक दुःखद नातं आहे. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये तिथेच वारली. रमाबाईंचा जन्म कर्नाटकातल्या अरण्यातला, कर्मभूमी महाराष्ट्र, आणि मनोरमाने मुलींची शाळा चालवली ती गुलबर्ग्याला. मराठी-कानडी हद्द या घराने कधी मानलीच नाही. रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे वळल्या त्या कशामुळे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना इंग्लंडमधल्या सिस्टर्स कशा मायेने वागवतात, ते लंडनमध्ये त्यांनी पाहिलं आणि त्या हलल्या. मग त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी बाई, जी तुच्छ मानल्या गेलेल्या समाजातली असूनही येशू जिच्याशी बोलला, ती वाचायला मिळाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली, विधवा उचलून आणल्या आणि केडगावात मुक्ती हा आश्रम उभा केला.

संशयाचा इतिहासही याच धाग्यावर सापडतो. १८९३ मध्ये रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवर धर्मांतराचा आरोप झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्यांना ‘पोटासाठी बाटले’ असं गावोगावी म्हटलं जाई. हा आरोप सरसकट खोटा होता असं मी म्हणणार नाही. अन्न देताना बाप्तिस्म्याची अपेक्षा ठेवणारे लोक मिशनांत होते, आणि त्यावर मिशनांतूनच टीकाही होत होती. उपाशी माणसाकडून मोबदला मागणं येशूच्या शिकवणीत कुठेच बसत नाही. मेजवानी द्याल तर ज्यांना परतफेड करता येत नाही अशांना बोलवा, असं तो लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, या बोलीभाषेतल्या म्हणीच्या जवळचंच वचन डोंगरावरच्या प्रवचनात आहे. या कसोटीला जे उतरलं नाही त्याला मी सेवा म्हणत नाही, मग ते कोणत्याही मिशनने केलेलं असो.

खानापूर, नंदगडच्या बाजूचा कॅथॉलिक प्रवाह वेगळा. तो गोव्याकडून घाट चढून आला, त्याच्या घरात कोंकणी आणि बाजारात मराठी. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटाकडे, मिसा (कॅथॉलिक उपासना) लोकांच्या भाषेत होऊ लागली आणि शेजाऱ्यांना आत काय चालतं ते पहिल्यांदा समजलं. सिस्टरांचे दवाखाने, बालवाड्या, वृद्धांची घरं यांतून या भागात जे काम झालं त्याचा फार बोलबाला नाही.

सीमाप्रश्नाच्या तापत्या वर्षांत मंडळ्यांनाही चटके बसले. उपासना कोणत्या भाषेत, पाटी कोणत्या लिपीत, यावर ताणाताणी झाली. तरी मयताच्या घरी कानडी मंडळी आणि मराठी मंडळी एकत्र उभी राहते, खड्डा खणायला दोन्हीकडची पोरं येतात, आणि तीन दिवस त्या घरी चूल पेटू नये म्हणून शेजारपाजारच्या मावश्या, काकू जेवण आणतात. त्यात हिंदू आणि मुसलमान घरंही असतात. नाताळात करंज्या, चकल्या, नेवऱ्यांचं ताट आळीत फिरतं. दिवाळीत तेच ताट भरून परत आलेलं असतं.

२०२२ नंतर काही गोष्टी बदलल्या. काही मंडळ्यांत परक्या वस्तीत कपडे-खाऊ वाटण्याआधी आता चार वेळा विचार होतो. कोणाच्या घरी जाऊन प्रार्थना करायची तर त्या घरच्यांनीच बोलावलेलं असावं, अशी खबरदारी घेतात. ही धास्ती मला सलते, कारण तिची झळ आधी बसते ती मदत हवी असलेल्यालाच. पण दवाखान्यातल्या भेटी चालू आहेत. जिल्हा रुग्णालयात रविवारी दुपारी मंडळीतल्या बायका फळं आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन जातात. ज्या खाटेशेजारी नातेवाईक नाही तिथे आधी बसतात. रोगी कोणत्या धर्माचा आहे ते विचारत नाहीत. प्रार्थना करू का, हे मात्र विचारतात, आणि नको म्हटलं तर तशाच बसून राहतात.