पायाचं नख पिवळं पडतं तेव्हा

पायाच्या अंगठ्याचं नख टोकाकडून पिवळट होतं, जाडावतं, त्याखाली भुसा साचतो आणि ते खालच्या कातडीपासून सुटू लागतं. दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणी लक्ष देत नाही. तोवर बुरशी टोकाकडून मुळाकडे सरकत राहते.

बहुतेक वेळा ही बुरशी असते ट्रायकोफायटॉन रुब्रम. नख ज्या केराटिनचं बनलेलं असतं, ते पचवणारी विकरं (एन्झाइम) तिच्याकडे असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यामागेही बहुधा हीच असते आणि तिथूनच ती नखाखाली शिरते. त्यामुळे नख वाचवायचं असेल तर आधी चिखल्या पूर्ण बऱ्या करायच्या. खाज थांबली म्हणून मलम मध्येच सोडलं, तर बुरशी तिथेच उरते.

मात्र जाड, पिवळं नख म्हणजे बुरशीच असं धरून चालू नका. बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांत ती नसतेच. सोरायसिस या त्वचाविकारामुळे किंवा घट्ट बुटांच्या सततच्या दाबानेही नख अगदी तसंच दिसतं. म्हणून नखाचा तुकडा आणि खालचा भुसा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ही पायरी टाळली जाते याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढे महिनोन्‌महिने औषध घ्यायचं असतं, तेही कदाचित नसलेल्या रोगासाठी. नखावर नवी काळी किंवा तपकिरी उभी रेघ दिसली, ती रुंदावत असली तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा; क्वचित तो मेलानोमा हा कर्करोग असतो.

सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे टर्बिनाफिनच्या गोळ्या. बुरशीला आपल्या पेशींच्या आवरणासाठी एर्गोस्टेरॉल लागतं. टर्बिनाफिन ते बनवणारं एक विकर अडवतं आणि बुरशी मरते. पायाच्या नखांसाठी नेहमीचा डोस रोज 250 मिलिग्रॅम, 12 आठवडे. यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी रक्ततपासणी करतात आणि चालू असलेली इतर औषधं विचारून घेतात. दुकानातून परस्पर घेण्याच्या या गोळ्या नव्हेत. नखावर लावायची सायक्लोपिरॉक्स, अमोरोल्फिन, एफिनाकोनाझोल ही औषधं सौम्य संसर्गात किंवा गोळ्या चालत नसतील तेव्हा देतात. जाड नखातून ती कमी झिरपतात, शिवाय ती बराच काळ लावावी लागतात.

बारा आठवडे संपतात, नख मात्र तसंच दिसतं आणि माणूस खचतो. इथेच नखाची गती समजून घ्यायला हवी. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला 12 ते 18 महिने लागतात. बिघडलेला भाग दुरुस्त होत नाही, तो पुढे ढकलला जाऊन कापला जातो. तेव्हा टोकाकडे न पाहता मुळाकडे पाहा: तिथून स्वच्छ, पातळ नख येत असेल तर औषध लागू पडतंय. दर महिन्याला एक फोटो काढून ठेवला की हा फरक डोळ्यांना दिसतो.

संसर्ग परत येण्याचं प्रमाणही बरंच आहे. पाय धुतल्यावर बेचके कोरडे करा, ओलसर मोजे बदला, एकच बूट रोज न घालता त्याला वाळायला वेळ द्या, सार्वजनिक न्हाणीघरात चप्पल घाला. नेलकटर प्रत्येकाचं वेगळं असावं. मधुमेह असेल किंवा पायाची संवेदना कमी झाली असेल, तर जाड नख घरी कोरू नका. छोटीशी जखमही तिथे चिघळू शकते. ते काम डॉक्टरांकडूनच करून घ्या.