मारवाडी पेढी आणि सार्वजनिक जीवन (वर्धा)

राजस्थानातून विदर्भात येऊन स्थिरावलेल्या व्यापारी घराण्यांचा पेढीपासून लोकसेवेपर्यंतचा प्रवास. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि वर्धा-हिंगणघाटकडच्या रुईच्या गाठी थेट मुंबईला जाऊ लागल्या. कापसातून सरकी काढणाऱ्या जिन-कारखान्यांभोवती पेढ्या वाढल्या. पेढीच्या वहीत धर्मादाय खाते वेगळे असे, त्यातून धर्मशाळा, मंदिरे उभी राहत. शेतकऱ्याच्या गहाण शेताची नोंदही पेढीच्याच वह्यांत सापडे, हे विसरून चालणार नाही.

या परंपरेतले सर्वांत ठळक नाव जमनालाल बजाज (१८८९–१९४२). सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातून बच्छराज शेठांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेऊन वर्ध्याला आणले. शिकले ते मराठी चौथीपर्यंत. सतराव्या वर्षी, लग्नाला जाताना दागिने घालायला नकार दिला म्हणून आजोबांनी पैशावरून टोचून बोलताच पोराने घर सोडले आणि ‘तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही’ असे लिहून दिले. समजूत घालून त्यांना परत आणावे लागले. पुढच्या दानशूरपणाचे मूळ या चिठ्ठीत शोधावे, धर्मादाय खात्यात नव्हे.

त्यांच्या बाबतीत पदांचा क्रमही उलटा आहे. मानद मॅजिस्ट्रेटपद आणि रायबहादूर किताब आधी मिळाले. असहकारात किताब परत केला, आणि खरे सार्वजनिक जीवन तिथून फुलले. १९२० पासून ते काँग्रेसचे खजिनदार. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास झाला. दंडापोटी जप्त केलेल्या त्यांच्या मोटारीवर नागपुरात कोणी बोली लावीना, अशी आठवण सांगतात. जुलै १९२८ मध्ये घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. स्वतःच्या समाजाचा रोष पत्करणे पैसे देण्याहून अवघड होते.

वर्ध्याजवळच्या सेगावची मालगुजारी (गावाची जमीनदारी) त्यांचीच. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले, तेव्हा पत्रे बुलढाण्याकडच्या गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

अखेरच्या काळात जमनालाल गोसेवेसाठी वर्ध्याजवळच्या गोपुरीतल्या झोपडीत राहिले. पत्नी जानकीदेवींना १९५६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. लोकसभेची पायरी पुढच्या पिढीने चढली: पुत्र कमलनयन १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये वर्ध्यातून निवडून आले.