उलांडी खय गेली? एआयच्या चित्रांमागचं विसरण

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी माझा मावसभाऊ फोन नाचवत आमच्या खळ्यात आला. तारकर्लीजवळ त्याचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. जाहिरातीसाठी त्याने एका एआय प्लॅटफॉर्मची महिन्याची वर्गणी भरली होती. त्या एकाच खिडकीत चित्रही होतं, व्हिडिओही होतो, निवेदनाचा आवाज मिळतो आणि मागचं संगीतही. त्याने दोन ओळी लिहून आठ सेकंदांचा व्हिडिओ करून घेतला होता. पहाटेचा समुद्र, माडांची रांग आणि लाटेवर चढणारी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची होडी. दिसायला इतका सुरेख की मी दोनदा पाहिला.

आबांनीही दोनदा पाहिला. माझे हे काका उभं आयुष्य रापण ओढत आले. फोन परत देत ते म्हणाले, "अरे झिला, उलांडी खय गेली?"

ज्यांनी आमच्या होड्या जवळून पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांना बांधलेला एक लांब ओंडका पाण्यावर तरंगत असतो. ती उलांडी. तिच्यामुळे अरुंद होडी कलंडत नाही. व्हिडिओत पहिले तीन सेकंद उलांडी डाव्या बाजूला होती. मग लाट आली, उलांडी फेसात झाकली गेली, आणि लाट ओसरली तेव्हा ती उजवीकडे होती. आम्ही पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. भाऊ म्हणाला, "एआयने नेटवरून दोन वेगळे फोटो उचलून जोडले असतील."

हा समज फार जणांचा आहे, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला. शाळेत विज्ञान शिकवताना मुलंही मला हेच सांगतात: एआय इंटरनेटवर फोटो शोधतं, कात्रणं काढतं आणि चिकटवतं. साधा हिशोब करू. ऑगस्ट २०२२मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं 'स्टेबल डिफ्यूजन' हे शब्दांवरून चित्र काढणारं मॉडेल सुमारे ४ जीबीच्या फाइलमध्ये मावत होतं. त्याच्या शिकवणीसाठी वापरलेला चित्रांचा साठा २०० कोटींहून मोठा होता. भागाकार केला तर एका चित्राच्या वाट्याला दोन बाइटसुद्धा येत नाहीत. 'क' हे एक अक्षर साठवायला युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे चित्र सोडाच, चित्रामागे एक अक्षर ठेवण्याइतकीही जागा त्या फाइलमध्ये नाही. साठ्यात पुन्हा पुन्हा आलेली काही चित्रं मात्र मॉडेलमधून जवळपास जशीच्या तशी बाहेर काढता येतात, हे संशोधकांनी २०२३मध्ये दाखवलं. चित्रकारांच्या हक्कांच्या दृष्टीने ती गंभीर गोष्ट आहे. पण कात्री आणि डिंक हा या यंत्राचा धंदा नव्हे.

मग ते करतं काय? ते मुंग्या पुसतं.

अँटेनाचा टीव्ही आठवा. पावसाळ्यात वाऱ्याने अँटेना फिरली की पडद्यावर चित्र जाऊन नुसत्या मुंग्या यायच्या. एक जण कौलांवर चढायचा आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "थोडी डावीकडे! नाय, मुंग्याच!" त्या मुंग्या म्हणजे निव्वळ यदृच्छा, कुठल्या ठिपक्याची उजळता किती याला काहीच नियम नाही. अँटेना नीट वळत गेली की मुंग्यांतून हळूहळू चेहरा वर यायचा. एआयचं चित्रही असंच मुंग्यांतून वर येतं, फरक इतकाच की तिथे पलीकडून कुठलंही प्रक्षेपण येत नसतं.

या पद्धतीला डिफ्यूजन म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकातलं विसरण. पेल्यातल्या पाण्यात कोकमाच्या आगळाचा एक थेंब सोडा. आधी लाल धागे खाली उतरतात, मग ते फुटतात, आणि ढवळलं नाही तरी शेवटी सगळं पाणी एकसारखं गुलाबी होतं. पाण्याचे रेणू प्रत्येक कणाला हव्या त्या दिशेने ढकलत असतात. १८२७मध्ये रॉबर्ट ब्राउनने सूक्ष्मदर्शकाखाली अशी थरथर पाहिली, आणि १९०५मध्ये आइनस्टाइनने तिचं गणित मांडलं. गुलाबी पाण्याचा पुन्हा थेंब झालेला कुणी पाहिलेला नाही. २०१५मध्ये काही संशोधकांनी विचारलं, चित्र असंच विरघळवलं आणि प्रत्येक पायरी उलटी फिरवायला यंत्राला शिकवलं तर? २०२०मध्ये ही कल्पना इतकी नीट बसली की आजची बहुतेक चित्रयंत्रं तिच्याच वाटेने आली.

शिकवणी अशी चालते. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याचा एक स्वच्छ फोटो घ्यायचा आणि त्यावर चिमूटभर मुंग्या टाकायच्या. मग आणखी चिमूटभर, मग आणखी. २०२०च्या त्या कामात अशा १,००० पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीला किनारा नावालाही उरत नाही. आता मधलीच एखादी पायरी उचलून यंत्रापुढे ठेवायची आणि विचारायचं, यात मुंग्या कुठल्या? मागे काय आहे हे विचारायचं नाही, फक्त मुंग्या ओळखायच्या. आपण त्या स्वतः टाकलेल्या असल्याने अचूक उत्तर आपल्याकडे असतं. यंत्राचं उत्तर जितकं चुकेल तितके त्याच्या आतले कोट्यवधी आकडे किंचित सरकवायचे. असं कोट्यवधी वेळा.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे इतक्या पायऱ्या का लागतात. एकदाच विचारून चित्र का मिळत नाही?

समजा डोळ्यांपुढे निव्वळ मुंग्या आहेत आणि कुणी म्हणालं, यामागचा किनारा ओळख. वेळास असेल, गुहागर असेल, तारकर्लीही असेल. चूक कमीत कमी व्हावी असं उत्तर द्यायचं तर एकच मार्ग आहे, सगळ्या किनाऱ्यांची सरासरी सांगायची. ही सरासरी म्हणजे वर फिकट, खाली गडद आणि मध्ये धूसर पट्टा. एकही माड नाही, कारण प्रत्येक फोटोत माड वेगळ्या जागी असतो. यंत्र एका उडीत उत्तर देईल तर ते असंच धुक्यातलं देईल. म्हणून त्या उत्तराच्या दिशेने फक्त पाऊलभर सरकायचं, थोड्याच मुंग्या पुसायच्या आणि पुन्हा विचारायचं. आता चित्रात क्षितिजाचा इशारा आहे, म्हणजे शक्यता घटल्या. योगायोगाने उजवीकडे थोडा गडदपणा उरला असेल तर पुढच्या पावलाला तिथे माड असण्याची शक्यता वाढते. माड उजवीकडे ठरला की सावली कुठे पडेल तेही बरंच ठरतं. आधी ठोकळ गोष्टी ठरतात, म्हणजे आकाश, पाणी, उजेड कुठून येतो. झावळ्यांची टोकं सर्वांत शेवटी. सुरुवातीच्या मुंग्या बदलल्या की चित्र बदलतं. मुंग्या, वाक्य आणि सगळी मांडणी तीच ठेवली तर चित्रही तेच येतं. प्लॅटफॉर्मवर 'सीड' नावाचा जो आकडा दिसतो, तो या सुरुवातीच्या मुंग्यांचा क्रमांक.

आता शब्द. "होडी" लिहिलं की होडीच का येते? चित्र आणि त्याखालची ओळ अशा प्रचंड जोड्या दाखवून शब्दांना आणि दृश्यांना एकाच नकाशावर शेजारी बसवलेलं असतं. प्रत्येक पावलाला यंत्र मुंग्यांचा अंदाज दोनदा करतं, एकदा तुमचं वाक्य वाचून आणि एकदा न वाचता. समजा एका ठिपक्यावर वाक्याविना अंदाज आला ०.३० आणि वाक्यासह आला ०.३४. फरक ०.०४. हा फरक म्हणजे त्या ठिपक्यावर तुमच्या शब्दांचा परिणाम. तो मुद्दाम फुगवतात. स्टेबल डिफ्यूजनमध्ये सहसा ७.५ पट, म्हणजे ०.३०. तो वाक्याविनाच्या अंदाजात मिळवला की ०.६०. गुणक फार वाढवला तर रंग भडक होतात, कमी केला तर यंत्र तुमचं ऐकत नाही. हे सगळं पूर्ण आकाराच्या चित्रावर करणं फार महाग पडतं. ५१२ गुणिले ५१२ ठिपके आणि प्रत्येकी तीन रंग धरले तर ७,८६,४३२ आकडे होतात. म्हणून आधी चित्र दाबून १६,३८४ आकड्यांत आणतात, म्हणजे ४८ पट लहान. मुंग्या तिथेच पुसतात आणि शेवटी चित्र पुन्हा उलगडतात. दाबताना बारीकसारीक तपशील गळतात. दोरीची गाठ, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं, बोटांची पेरं.

उलांडीचा घोळ इथून सुरू होतो. अशा शिकवणीसाठी २०२२मध्ये खुला केलेला लायन-५बी हा साठा ५८५ कोटी चित्रांचा होता. त्यातल्या सुमारे २३२ कोटी चित्रांखालची ओळ इंग्रजीत होती, आणि स्टेबल डिफ्यूजनची शिकवणी मुख्यतः त्याच भागावर झाली. मालवणी होडीच्या फोटोखाली "उलांडी" लिहिलेलं यंत्राने कितीदा पाहिलं असेल? भावाने उलांडीसाठीचा इंग्रजी शब्द "आउटरिगर" लिहून पाहिला तेव्हा होडीला दोन्ही बाजूंनी ओंडके आले, फिलिपिन्सच्या होड्यांसारखे, आणि मागे पाचूच्या रंगाचं पाणी. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी, म्हणजे चित्रांतून कथा सांगायची त्यांची पारंपरिक शैली, मागितली तर मधुबनीच्या जवळचं काहीतरी आलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्या किनाऱ्यावरची ज्ञानाची माणसं आबांच्या वयाची आहेत, आणि त्यांच्या शब्दांना जोडलेले फोटो जवळजवळ नाहीत.

पण उलांडी बाजू बदलते ती वेगळ्या कारणाने. २४ चित्रं दर सेकंदाला धरली तर आठ सेकंदांत १९२ चित्रं होतात. ती एकामागून एक काढली तर सगळं थरथरेल. म्हणून फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या 'सोरा'सारख्या मॉडेलमध्ये पूर्ण व्हिडिओ एकच लादी मानतात. लांबी, रुंदी आणि काळ अशी तीन मापांची. लादीचे लहान तुकडे पाडायचे आणि मुंग्या पुसताना प्रत्येक तुकड्याने बाकी सगळ्या तुकड्यांकडे पाहायचं. १० माणसांत हात मिळवायच्या ४५ जोड्या होतात, २० माणसांत १९०. व्हिडिओची लांबी दुप्पट झाली की काम चौपटीच्या आसपास जातं. वर्गणीतून चित्राला थोडे आणि व्हिडिओला ढीगभर क्रेडिट का कापले जातात, क्लिप सहसा काही सेकंदांचीच का मिळते, याचं मोठं कारण हे.

या सगळ्यात "होडी ही एक वस्तू आहे आणि झाकली गेली तरी ती तीच राहते" असा नियम कुणी घातलेला नसतो. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला तुकडा शोभतो इतकंच शिकलेलं असतं. उलांडी फेसाखाली गेली तेवढ्या चित्रांत तिचा पुरावा पुसला गेला. पलीकडे होडीची बाजू पुन्हा भरायची वेळ आली, आणि उजवीकडची उलांडीही फोटोत तितकीच शोभते. समुद्रात मात्र ती होडी उलटली असती. एका क्लिकवर चित्रपट तयार होईल अशी जाहिरात करणारे हा फरक सांगत नाहीत. हे प्लॅटफॉर्म म्हणजेही कुणी एक सर्वज्ञ मेंदू नव्हे. तुमचं वाक्य फुलवणारं मॉडेल वेगळं, चित्राचं वेगळं, ते हलवणारं वेगळं, आवाजाचं वेगळं. खिडकी तेवढी एक.

याच सुमारास आमच्या गावच्या ग्रुपवर समुद्रातून वर येणाऱ्या देवमूर्तीचा व्हिडिओ फिरला. चांगल्या शिकलेल्या घरांत फोनपुढे हात जोडले गेले. त्या मूर्तीच्या चारही हातांवरून पाणी गळत होतं, पण खालचा समुद्र जागचा हलत नव्हता. एवढी मोठी वस्तू वर आली तर पाणी बाजूला सरायला हवं, हे सातवीतली मुलगीही सांगेल. श्रद्धेचा असा धंदा मांडणाऱ्यांचा मला राग येतो. आणि उलटं नुकसानही होतं. काही वर्षी आपल्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात. नॉक्टिलुका नावाचा एकपेशीय जीव धक्का लागला की रासायनिक क्रियेने प्रकाश देतो. पूर्वी लोक त्याला भुताटकी म्हणायचे. हल्ली तो खरा व्हिडिओ पाठवला तर "एआय आहे" म्हणून सोडून देतात. नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याची खात्रीची खूण आता उरलेली नाही. काही कंपन्या चित्रात न दिसणारी खूण गुंफतात, गुगलने २०२३मध्ये 'सिंथआयडी' आणलं ते यासाठीच. पण ग्रुपवर फिरणाऱ्या बहुतेक व्हिडिओंची अशी तपासणी कोण करतं? कुणी, कुठे, कधी काढला हे विचारणं अजून तरी जास्त उपयोगाचं.

भावाने व्हिडिओ पुन्हा केला. या वेळी नुसत्या शब्दांवर विसंबायचं नाही असं आम्ही ठरवलं. सकाळी सहाला तो किनाऱ्यावर गेला, आबांनी होडी कॅमेऱ्याच्या बाजूला उलांडी येईल अशी वळवली, आणि तो खरा फोटो प्लॅटफॉर्मला पहिलं चित्र म्हणून दिला. बाकीची चित्रं आताही मुंग्यांतूनच येणार होती, पण या खऱ्या पहिल्या चित्राला सगळे तुकडे बांधलेले होते. मोठी लाट नको, शांत पाणी हवं, असंही लिहिलं, म्हणजे उलांडी झाकलीच जाणार नाही.

आबांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "आता ऱ्हवली जाग्यार," ते म्हणाले. मग बोट ठेवून त्यांनी पाचव्या सेकंदाला थांबवायला सांगितलं. दांडी आणि ओंडका बांधणारं सुंभ तोवर नीट दिसत होतं, वळसा मोजता येत होता. तिथून पुढे ते हळूहळू लाकडात विरघळलं, आणि उलांडी कशालाच न बांधता होडीबरोबर चालू लागली.

भावाने तिथेच कापलं. साडेचार सेकंद उरले. खालच्या कोपऱ्यात त्याने लिहिलं, "फोटो खरा, हालचाल एआयची."